म्हातारपण आणि सक्तीची विश्रांती

तापातून उठलेल्या आजोबांनी पाय खाली टेकवले, की घरातले सगळे एकदमच म्हणतात, "तुम्ही उठू नका, हवं ते जागेवर देतो." मग पाणी हातात, ताट पलंगावर आणि रात्री उठायला नको म्हणून डायपर. यामागे मायाच असते. पण वयस्कर माणूस जितका पडून राहील तितका लवकर बरा होईल, हा आपल्या घरांत मुरलेला समज चुकीचा आहे. त्याची किंमत ज्यांना आपण जपतो त्यांनाच मोजावी लागते.

ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी १९४७ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाचे धोके मांडले होते: पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, छातीत साचणारा कफ, पाठीवरच्या जखमा, बद्धकोष्ठता, आखडलेले सांधे. २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या, ठणठणीत अशा बारा जणांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं गेलं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं. हे निरोगी माणसांचं झालं; आजारात भूक मेलेली असते, तेव्हा झीज अधिकच जाणवते. "आजारपणानं पाय गेले" असं आपण म्हणतो, पण त्यातला बराच वाटा पडून राहण्याचा असतो.

यावर हमखास उत्तर येतं, "या वयात गेलेली ताकद परत येते का?" येते. १९९४ साली बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या शंभर अशक्त वृद्धांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं ८७. ज्यांच्याकडून दहा आठवडे पायांचे, वजन वाढवत नेणारे व्यायाम करून घेतले, त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली आणि चालण्याचा वेगही सुधारला. घरी याची सुरुवात खुर्चीवरून हातांचा आधार कमी कमी करत उठण्या-बसण्यापासून होऊ शकते. जोडीला ताटात नुसता मऊ भात आणि पेज नको. घट्ट वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडं हवं. "वय झालं, हलकंच खा" या सल्ल्यात प्रथिनंच निसटतात.

खरी भीती असते पडण्याची, आणि ती खोटी नाही. मांडीच्या खुब्याचं हाड मोडलं की सगळं घर हलतं. पण न चालल्यानं पाय अशक्त होतात, तोल बिघडतो आणि पुढच्या वेळी पडण्याची शक्यता वाढते. उलट तोल आणि ताकदीच्या नियमित व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशानं घटतं, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. म्हणून चालणं थांबवण्याऐवजी वाट सुरक्षित करावी. न्हाणीघरात पकडायला दांडी, रात्री मिणमिणता दिवा, सुटी पायपुसणी बाजूला. आणि उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं, कारण एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते.

जे खरोखरच उठू शकत नाहीत, त्यांच्या बाबतीतही हालचाल हीच शुश्रूषा. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलायला नको, हा गैरसमज आहे. गादीमुळे दाब कमी होतो, संपत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. अंग पुसताना माकडहाड, खुबे आणि टाचा रोज पाहाव्यात. लाल डागावर बोट दाबून उचललं आणि लाली तशीच राहिली, तर ती जखमेची पहिली खूण समजावी. काळ्या-सावळ्या त्वचेवर लाली लपते, तिथे गरम किंवा कडक लागणारा भाग हुडकावा. अशा जागी तेल लावून चोळू नये. आतून दुखावलेली त्वचा त्यानं अधिक फाटते. त्या जागेवरचा भार काढावा आणि नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवावं.

विश्रांती कधीच नको, असा याचा अर्थ नाही. ताजं फ्रॅक्चर, छातीत दुखणं, वाढलेला दम अशा वेळी डॉक्टर सांगतील तेवढं पडून राहायलाच हवं. पण औषधाला डोस असतो आणि मुदतही असते, तशी विश्रांतीलाही असावी. दवाखान्यातून घरी आणताना आपण "काय खायचं नाही?" हे आवर्जून विचारतो. त्याच वेळी "कधीपासून उठवायचं आणि किती चालवायचं?" हेही विचारून, लिहून घ्यावं.