फाइल आवळण्याची युक्ती आणि आपला डीएनए

मानवी जीनोम म्हणजे सुमारे 3 अब्ज अक्षरं. सिक्वेन्सिंग यंत्रं बहुधा देतात शंभर-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे. प्रत्येक तुकडा नेमका कुठला, हे पहिल्या अक्षरापासून वाचत शोधायचं म्हटलं तर जन्म जाईल!

उत्तर आलं भलतीकडूनच. 1994 साली मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांनी फाइल लहान करण्यासाठी एक युक्ती मांडली. ‘सरसर।’ घ्या, दंड ही शेवटाची खूण. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकत सगळी रूपं लिहा. ती शब्दकोशासारखी क्रमाने लावा (दंड सर्वांत आधी) आणि प्रत्येकाचं शेवटचं अक्षर टिपा: ‘रससर।’. गंमत म्हणजे एवढ्यावरून मूळ शब्द परत मिळतो! मला हे पटायला दोन दिवस लागले.

2000 साली फेराजिना आणि मान्झिनी यांनी या शेवटच्या अक्षरांच्या ओळीतच शोध घ्यायची सोय केली. तुकडा आहे की नाही, हे कळायला लागणारा वेळ तुकड्याच्या लांबीवर ठरतो, जीनोमच्या नाही. 2009 मधली बो-टाय आणि बीडब्ल्यूए ही मोफत सॉफ्टवेअरं यावरच उभी आहेत.

आता कागदावर ‘टपटप।’ करून बघा. ‘पप।टट’ आलं तर जमलं.