तयार ठोकळ्यांवर एक दिवस

सकाळी 9. भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या वितरकाचं काम हातात आहे. गोदाम कधी खच्चून भरतं, कधी रिकामं पडतं. मालकांच्या मते दोष बाजाराचा. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यांचे असेच चढउतार वहीवर आकडेमोड करून तपासले, तेव्हा मूळ कंपनीच्याच निर्णयांत सापडलं होतं. त्यामुळे बाजाराकडे मी शेवटी वळतो.

9:30. फॉरेस्टर यांच्या त्याच पद्धतीचं, म्हणजे सिस्टिम डायनॅमिक्सचं, मॉडेल कोऱ्या पानावरून सुरू करायची हौस आता उरलेली नाही. मॉडेलांमध्ये वारंवार भेटणाऱ्या लहान रचना जिम हाइन्स यांनी गोळा केल्या आणि त्यांना रेणू म्हटलं. आम्ही ठोकळे म्हणतो. मागणीचा अंदाज, येणाऱ्या मालाला लागणारा उशीर, साठ्याचं लक्ष्य असे तीन ठोकळे व्हेन्सिम या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून जोडले.

10:30. आता उशिराचा ठोकळा, आणि त्यातच दुपार होणार. माल यायला सरासरी 8 दिवस. सगळ्यांत साधा ठोकळा म्हणतो, वाटेत जेवढा माल आहे त्याचा आठवा भाग रोज पोचतो. कालची आणि गेल्या आठवड्यातली ऑर्डर त्याला सारखीच. म्हणजे आज 100 नग मागवले की उद्यापर्यंत जवळजवळ 12 दारात! कुठला पुरवठादार एवढा तत्पर असतो? तोच उशीर तीन समान टप्प्यांत तोडला, तर पहिल्या दिवशी एक नगसुद्धा येत नाही. बहुतेक माल मधल्या दिवसांत येतो. सरासरी दोन्हींची 8 दिवसच. तयार ठोकळ्यात गृहीतकही तयारच येतं आणि ते बाहेरून दिसत नाही. तीन टप्प्यांचा ठेवला.

1:00. डबा.

2:00. गोदामाच्या मॅनेजरांना फोन. “ऑर्डर काढताना वाटेतला माल वजा करता का?”

“तो कशाला, साहेब? आला की धरू.”

साठ्याच्या ठोकळ्यात वाटेतल्या मालाची एक फांदी असते. ती तोडून मॉडेल चालवलं, मागणी एकदाच थोडी वाढवली आणि साठा हेलकावू लागला. फांदी जोडली, हेलकावे बरेच निवले. जॉन स्टरमन यांनी 1989 मध्ये बिअर गेम या पुरवठा साखळीच्या खेळातल्या खेळाडूंतही हाच विसर दाखवला होता. बाजाराला हात लावायची वेळच आली नाही.

4:00. कंटाळवाणी पण न टाळता येणारी कामं. एककं जुळवली, मागणी महिन्याची होती, बाकी सगळं दिवसाचं. साठा शून्यावर नेऊन माल बाहेर जाणं थांबतं का ते पाहिलं. गणनेची पायरी 0.25 दिवसावरून 0.125 वर आणली, आलेख हलला नाही.

5:30. जोडलेला संच आमच्या संग्रहात ठेवला, सोबत टीप: ‘तीन टप्पे का, ते वाचल्याशिवाय वापरू नये.’ मॅनेजरांकडे वर्षभराचं इनवर्ड रजिस्टर मागितलंय, कारण 8 दिवस हा आकडा अजून त्यांच्या तोंडचाच आहे.