श्रीनगर ते लेह : अंतर आणि वेळ

नकाशावर दोन गावांमधील अंतर पट्टीने मोजता येते. परंतु तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे केवळ त्या अंतरावरून सांगता येत नाही. श्रीनगर आणि लेह येथील विमानतळ हे याचे उत्तम उदाहरण होय.

प्रथम अंतर पाहू. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे ३४ अंश उत्तरेस, आहेत. श्रीनगरचे रेखांश पूर्व ७४.७७ अंश, तर लेहचे ७७.५५ अंश; फरक २.७८ अंशांचा. विषुववृत्तावर रेखांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर भरते. उत्तरेकडे जावे तसतशी रेखावृत्ते परस्परांच्या जवळ येतात आणि ३४ अक्षांशावर हेच अंतर सुमारे ९२ किलोमीटर उरते. २.७८ ला ९२ ने गुणले असता सुमारे २५६ किलोमीटर हे उत्तर मिळते. लेह किंचित उत्तरेस आहे. पण त्यामुळे या आकड्यात फार तर अर्ध्या किलोमीटरची भर पडते.

सडकेने हेच अंतर सुमारे ४२० किलोमीटर होते. डोंगर सरळ ओलांडता येत नसल्याने रस्ता नद्यांच्या खोऱ्यांतून आणि घाटांतून वळणे घेत जातो. प्रवासी बहुधा कारगिल येथे रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लेहला पोहोचतात. वाटेतील झोजी ला ही खिंड ३,५०० मीटरांहून उंच आहे. पूर्वी ती हिवाळ्यात बर्फामुळे कित्येक महिने बंद राही आणि लडाखचा काश्मीरशी असलेला सडकेचा संबंध तुटे. तिच्याखालून बोगदा खोदण्याचे काम २०२० मध्ये सुरू झाले.

अशा प्रदेशात विमानाचे मोल काय, हे १९४८ मध्ये दिसून आले. लेहवर हल्लेखोरांचे संकट आले असता, २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी श्रीनगरहून डाकोटा विमान नेऊन तेथील घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर उतरविले. त्याच मार्गाने पुढे लेहला कुमक पोहोचली.

ताशी ७०० किलोमीटर वेगाने २५६ किलोमीटर काटण्यास २२ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र साधारणपणे पाऊण ते एक तास दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, पर्वतांच्या वर चढणे आणि पुन्हा सिंधूच्या अरुंद खोऱ्यात बेताने उतरणे, यांत उरलेला वेळ जातो.

शिवाय लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते. विरळ हवा पंखांना कमी उचलून धरते व इंजिनाचा जोरही घटवते. म्हणून विमानास जमिनीवरून अधिक वेगाने धावावे लागते आणि कधी कधी भारही कमी न्यावा लागतो. दुपारी हवा तापून आणखी विरळ होते व वाराही वाढतो. यास्तव येथील उड्डाणे मुख्यतः सकाळी होतात.

विमानाने वाचविलेल्या वेळापैकी काही भाग शरीरास परत द्यावा लागतो. श्रीनगर सुमारे १,६५० मीटर उंचीवर आहे; तेथून तासाभरात जवळजवळ दुप्पट उंची गाठल्याने डोकेदुखी, मळमळ व दम लागणे असा त्रास संभवतो. म्हणून लेहला उतरल्यावर एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, असे डॉक्टर सांगतात.