निरोगी स्नायू कसा दिसतो?

पडेगावाहून सायकलीने दौलताबादला जावे आणि तसाच किल्ला चढावा, म्हणजे मांडीत स्नायू आहेत हे पटण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज उरत नाही! पण एखाद्याचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होऊ लागले, तर डॉक्टर पुष्कळदा मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून तपासतात. त्यात काय बिघडले हे ओळखायचे, तर निरोगी स्नायू कसा दिसतो हे आधी ठाऊक हवे. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. पण या तपासणीत आमच्या विषयाचाही बराच वाटा आहे, म्हणून हा लेख.

तुरटी आणि लाल शाई

स्नायूचा पातळ काप प्रकाशात जवळजवळ पारदर्शक असतो. त्यातील भाग वेगळे दिसावेत म्हणून त्याला रंग देतात. हिमॅटॉक्सिलीन आणि इओसीन ही यातील सर्वांत प्रचलित जोडी. हिमॅटॉक्सिलीन हे मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळते. लाल रंग देणारा आपला पतंग वृक्ष त्याचाच नातलग. कापड रंगविताना रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतात, तशीच ती येथेही वापरतात. इओसीन मात्र कृत्रिम रंग आहे. तो लाल शाईत वापरला जाई. म्हणजे उत्तरपत्रिकांशी त्याचा जुना संबंध!

हिमॅटॉक्सिलिनाने पेशीची केंद्रके निळी-जांभळी होतात, तर इओसिनाने उरलेला भाग गुलाबी होतो. आडव्या छेदात स्नायुतंतू फरशांसारखे बहुकोनी व एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. प्रौढ माणसात त्यांची रुंदी साधारण ४० ते ८० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी असते. प्रत्येक तंतूला अनेक केंद्रके असतात, पण ती सगळी कडेला! शंभरात तीनपेक्षा अधिक तंतूंमध्ये केंद्रके आत सरकलेली दिसली, की तपासणारा सावध होतो.

पट्टे कशाचे?

उभ्या छेदात तंतूवर एकाआड एक गडद व फिकट पट्टे दिसतात. गडद पट्टा सुमारे दीड मायक्रोमीटर रुंद असतो. एकमेकांवर आडव्या धरलेल्या दोन पोलरॉइडांमध्ये असा तंतू ठेवला, तर गंमत होते. एरवी गडद दिसणारे पट्टे उजळतात आणि फिकट पट्टे काळोखात जातात. स्नायू आखडताना गडद पट्ट्यांची रुंदी बदलत नाही, फिकट पट्टे तेवढे अरुंद होतात, असे १९५४ मध्ये दोन संशोधक-जोड्यांनी दाखवून दिले. अँड्र्यू हक्सली व निडरगर्के ही एक जोडी, ह्यू हक्सली व जीन हॅन्सन ही दुसरी. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत, तसे आतले सूक्ष्म धागे एकमेकांत सरकतात. धाग्यांची स्वतःची लांबी मात्र तीच राहते.

तव्यावरचा थेंब

पुढील रंगकामासाठी तुकडा गोठवून कापावा लागतो. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये तो सरळ बुडवला तर? तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचतो, हे तुम्ही पाहिले असेल. येथेही तुकड्याभोवती नायट्रोजन वायूचे वेष्टन तयार होते आणि उष्णता सावकाश बाहेर पडते. त्यामुळे बर्फाचे मोठे स्फटिक बनून तंतूंना भोके पडतात, आणि ती रोगाचीच खूण वाटू शकते! म्हणून नायट्रोजनमध्ये आयसोपेंटेन हा द्रव उणे १६० अंशांपर्यंत थंड करतात व तुकडा त्यात बुडवतात. आयसोपेंटेन उकळत नाही, त्यामुळे वायूची गादी तयार होत नाही आणि तुकडा झटकन गोठतो.

बुद्धिबळाचा पट

गोठवलेल्या कापावर एटीपी फोडणाऱ्या विकराची परीक्षा करतात. अल्कधर्मी द्रावणात ही परीक्षा केली, की काही तंतू गडद होतात, काही फिकट राहतात. गडद तंतू झपाट्याने आखडणारे. धावत सुटताना ते कामी येतात. फिकट तंतू सावकाश आखडतात, पण लवकर थकत नाहीत. ताठ उभे राहणे मुख्यतः त्यांच्यावर चालते. काप आधी आम्लात ठेवला, तर चित्र फोटोच्या निगेटिव्हप्रमाणे जवळजवळ उलटते.

निरोगी स्नायूत हे दोन प्रकार बुद्धिबळाच्या पटासारखे, पण थोडे अस्ताव्यस्त, मिसळलेले असतात. याचे कारण चेतापेशींत आहे. एक चेतापेशी अनेक तंतूंना हुकूम देते. ते सर्व एकाच प्रकारचे असतात, पण दूरदूर विखुरलेले. १९६० मध्ये बुलर आणि एक्लस पिता-पुत्रीने मांजरांच्या जलद व मंद स्नायूंच्या चेतांची अदलाबदल केली, तेव्हा स्नायूंचा वेगही बदलला. पोलिओसारख्या आजारात काही चेतापेशी मरतात. मग शेजारची चेतापेशी पोरक्या तंतूंना आपल्या ताब्यात घेते व ते तिच्या प्रकारचे होतात. तेव्हा पट मोडतो आणि एकाच रंगाचे मोठे गट दिसतात. येथे सरमिसळ हीच आरोग्याची खूण!

कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत पट्टकी स्नायूची तयार काचपट्टी असतेच. शिक्षकांना विचारून ती मागून घ्या. आधी कडेची केंद्रके मोजा, मग पट्टे शोधा. पोलरॉइडचे दोन तुकडे मिळाले, तर एक काचपट्टीखाली व एक नेत्रिकेवर ठेवून वरचा हळूहळू फिरवून पाहा.