जुना पाईप : आधी शिक्का वाचा, मग पॉलिश करा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुने वाडे आणि बंगले पाडले जात आहेत. त्यांतले सामान आपल्या भंगार व जुन्या मालाच्या व्यापारी बांधवांकडे येते. भांडी, घड्याळे यांच्याबरोबर कधी तंबाखू ओढण्याचा विलायती पाईपही निघतो. तंबाखूची तरफदारी आम्ही करीत नाही. पण वस्तू ओळखता आली नाही तर तिचा मोल जातो, म्हणून हा लेख.

पहिली चूक होते ती पॉलिशच्या चाकावर. पाईपच्या दांडीवर बारीक अक्षरे कोरलेली असतात. बफ मारला की माल चमकतो, पण अक्षरे पुसली जातात आणि वय सांगणारा पुरावा कायमचा जातो. म्हणून कारागिराने आधी भिंगाने अक्षरे वाचून कागदावर उतरवून घ्यावीत.

आता वय कसे ठरवावे? लाकूड ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाचे असेल, तर पाईप साधारण 1850 च्या आधीचा नसतो. पीटरसन कंपनीच्या पाईपवर ‘आयरिश फ्री स्टेट’ असे असेल तर तो 1922 ते 1937 या काळाच्या आसपासचा. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असेल तर 1949 नंतरचा. डनहिलच्या नळीवर पांढरा ठिपका असतो आणि ‘मेड इन इंग्लंड’ नंतर छोटा अंक असतो. हा अंक 4 असेल तर वर्ष 1924 असू शकते किंवा 1964 सुद्धा. सोबत पेटंट नंबर असेल तर पाईप जुना समजावा.

चांदीची कडी असेल तर सिंह म्हणजे 925 ची चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. शेजारचे अक्षर वर्ष सांगते. मात्र अक्षरे फिरून फिरून येतात, म्हणून अक्षराचे वळण आणि चौकटीचा आकारही जुळवावा. कडी नंतर बसवलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. निकेलच्या कडीवरही शिक्क्यांसारखी चित्रे असतात. त्यांना चांदी समजू नये.

रबराची काळी नळी उन्हाने हिरवट-तपकिरी होते. गरम पाण्यात टाकल्यास रंग आणखी बिघडतो.

कायदाही पाहावा. शंभर वर्षांवरील कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. अशा मालाच्या धंद्याला परवाना लागतो आणि तो खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. हस्तिदंताच्या मालाला तर हातच लावू नये. त्याचा व्यापार बंद आहे.

शेवटी एकच अर्ज. नळी बदललेली असेल, भांड्याला चीर असेल, तर गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. ऐब लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते. ज्याच्या शब्दावर भरवसा बसतो, त्याच्याच दुकानी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते.