गिटारवाल्यानं व्याकरण शिकावं का?

गिटार शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा आपलं आपणच शिकलेला असतो. चार कॉर्ड मित्राकडून उचललेल्या, बाकीचं पुस्तकांतून, आणि आता व्हिडिओ बघून. हात चांगला चालतो. 'सर, थिअरी शिकलो तर वाजवण्यातली मजा जाईल का हो?' ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. शिवाय त्यांच्या बाजूनं पुरावाही भक्कम आहे. जँगो राईनहार्टची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ सालच्या आगीत निकामी झाली, नोटेशन त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याची गिटार आजही लोक कान देऊन ऐकतात. वेस माँटगोमेरीलाही नोटेशन येत नव्हतं.

पण नोटेशन वाचणं वेगळं आणि संगीताचं व्याकरण कळणं वेगळं. माँटगोमेरीनं चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून त्यातला सूर न् सूर हातात बसवला होता. आपल्याकडचा घराणेदार गवई कागदावरचं वाचत नसेल, पण कुठल्या रागात निषाद कोमल, हे त्याला झोपेतून उठवून विचारा!

हे व्याकरण अडतं कुठे, ते सांगतो. गणेशोत्सवाचा कार्यक्रम आहे. आपल्या मुलानं गाणं सी, ए मायनर, एफ, जी असं पाठ केलंय. गाणाऱ्या बाई येतात आणि म्हणतात, 'माझी पट्टी पांढरी पाच.' झालं! केपो लावायचा तर तो सातव्या पडद्यावर जातो आणि गिटार मेंडोलिनसारखी किणकिणायला लागते. आता तेच गाणं सरगमच्या नजरेनं बघा. सी हा सा धरला तर त्याच्या चार कॉर्ड म्हणजे सा, ध, म, प, त्यातली धैवतावरची मायनर. पांढरी पाच म्हणजे जी. तिथे सा ठेवला की ध येतो ई, म येतो सी, प येतो डी. म्हणजे जी, ई मायनर, सी, डी. केपो नको, आणि एफसाठी तर्जनी सहा तारांवर आडवी दाबायचा त्रासही नको. एवढं समजायला एक संध्याकाळ पुरते.

मेजर आणि मायनर हे शब्द ऐकूनच काही जण बिचकतात. गिटार घ्या, ई मेजर धरा आणि तिसऱ्या तारेवरची तर्जनी नुसती उचला. कॉर्ड एकदम उदास होते. झालं काय? शुद्ध गंधार गेला, कोमल आला. दोन्हींत सा आणि प तेच. तुमची बोटं हे रोज करत होती, त्याला नाव आज मिळालं, इतकंच.

आपल्या गाण्यांना हे जास्तच लागतं. यमनातल्या चालीला पुष्कळ जण सवयीनं सी, एफ, जी लावतात. एफमध्ये शुद्ध मध्यम आहे, यमनाचा मध्यम तीव्र. कानाला टोचतं, पण का टोचतं ते कळत नाही, मग गाणारा बेसूर आहे असं ठरतं! तिथे डी मेजर लावून बघा. तिच्यात रे, तीव्र म आणि ध आहेत.

नोटेशनचं म्हणाल, तर ज्याला स्टुडिओत वाजवून पोट भरायचंय त्यानं जरूर शिकावं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांना मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत मान होता तो याचसाठी. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे मूळ गोव्याचेच. घरी, गच्चीवर, मित्रांत वाजवणाऱ्याला त्यावाचून काही अडत नाही.

सुरुवात सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून करा. उघडी तार ही पांढरी तीन. पहिल्या पडद्यावर पांढरी चार, तिसऱ्यावर पाच, पाचव्यावर सहा, सातव्यावर सात आणि आठव्यावर पुन्हा पांढरी एक. मधल्या रिकाम्या जागा काळ्यांच्या. शेजारी कुणाची पेटी असेल तर तिच्याशी ताडून बघा.