रोजा आणि वजनकाटा

रोजा म्हणजे नुसते उपाशी राहणे नव्हे, हे आपण दर रमजानमध्ये ऐकतो. रोज्याला दोन काठ आहेत: पहाटेची सहरी आणि सूर्यास्ताची इफ्तार. सहरी टाळू नये, इफ्तारला उशीर करू नये, अशी शिकवण आहे. म्हणजे संयमाइतकेच वेळेवर खाण्यालाही महत्त्व आहे. तालमीत आणि मैदानावर घाम गाळणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ही गोष्ट आज मुद्दाम सांगावीशी वाटते.

आमच्या लोहारा-उमरगा भागात जत्रेतल्या कुस्त्यांचा शौक जुना. २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा धाराशिवमध्ये रंगला, तेव्हापासून पोरांचा उत्साह आणखी वाढला आहे. जत्रेच्या मातीत अंगकाठी पाहून जोड लावली जाते. मॅटवर मात्र काटा बोलतो. कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंग यांत वजनगट असतात. कबड्डीच्या कुमार गटालाही वजनाची मर्यादा असते. काट्यावर थोडे जास्त भरले की खेळाडू बाद! म्हणून आदल्या दोन दिवसांत जेवण बंद, पाणी घोटभर, उन्हात जाड जॅकेट घालून धावणे, कधी जुलाबाच्या गोळ्या, असे प्रकार सुरू होतात.

रमजान आला की ‘रोजा आहेच, वजनही उतरेल’ असे एखादा विद्यार्थी सहज बोलून जातो. तो सहरी सोडतो, इफ्तारला एका खजुरावर उठतो. घरच्यांना वाटते, पोरगा इबादतीत रमला. रोज्याची नीयत अल्लाहसाठी असते; काट्यासाठी केलेली उपासमार वेगळी, तिला रोज्याचे नाव देऊ नये.

दोन दिवसांत उतरलेले वजन चरबीचे नसते. ते मुख्यतः पाणी आणि स्नायूंत साठवलेली साखर असते. रक्त दाटते, हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉलेजचे तीन तरुण कुस्तीगीर असेच वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथे वाफेच्या खोल्या आणि रबरी सूट यांवर बंदी आली. अंगात पुरेसे पाणी असतानाच खेळाडूचे किमान वजन ठरवायचे आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त घट करायची नाही, असा नियम झाला.

विनेश फोगाटचे उदाहरण तर ताजे आहे. पॅरिसमध्ये ६ ऑगस्ट २०२४ ला तिने ५० किलो गटात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. रात्रभर व्यायाम केला, केसही कापले. तरी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. डॉक्टर, आहारतज्ज्ञ हाताशी असताना ही अवस्था, तर तालुक्याच्या पोराने एकट्याने हा खेळ कशाच्या भरवशावर करावा?

स्पर्धा संपली तरी धोका संपत नाही. उपाशी राहायचे, मग अधाशासारखे खायचे, मग अपराधी वाटून उलटी काढायची, या चक्राचा पुढे आजार होतो. मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात. पाळी थांबणे हे चांगल्या सरावाचे लक्षण मुळीच नाही.

आईवडिलांनी या महिन्यात थोडे लक्ष ठेवावे. मूल दस्तरखानावर बसायचे टाळते का, इफ्तारनंतर लगेच न्हाणीघरात जाऊन बसते का, दिवसातून चारदा काट्यावर उभे राहते का, चक्कर येते का? असे असेल तर रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. मनातले बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

वस्ताद आणि क्रीडाशिक्षकांना एक विनंती. मोसमाच्या सुरुवातीलाच वजनगट ठरवा, वाढत्या वयाच्या मुलाला वरच्या गटात जाऊ द्या. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण जिंकले आणि पुढच्याच वर्षी ६१ किलोत जागतिक कांस्यपदक. गट वाढला म्हणून पैलवान लहान होत नाही. रमजानमध्ये जोराचा सराव इफ्तारनंतर ठेवा. सहरीत भाकरी, डाळ, अंडी, दही आणि भरपूर पाणी असू द्या.

आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. आपल्या बाबतीत काय लागू होते, हे खेळाडूने आलिमांना विचारावे आणि प्रकृतीचे डॉक्टरांना. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. पदकासाठी ती मोडू देऊ नका.